खेळातील नाव आणि कादंबरीतील माणूस

मोबाईलवरील खेळाची कादंबरी होऊ शकेल काय, हा प्रश्न परभणी जिल्ह्यातील लिहित्या तरुणांनी हाती घ्यावा असे आम्हांस वाटते. पबजी हा खेळ २०१८ साली मोबाईलवर आला आणि गंगाखेड, पूर्णा, जिंतूरकडील खेड्यांतही पोहोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली. त्याचे नवे भारतीय रूप २०२१ मध्ये आले. या खेळात शंभरपर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात व अखेरपर्यंत टिकणारा जिंकतो. ही कल्पना मुळात जपानी लेखक कोशुन ताकामी यांच्या १९९९ च्या 'बॅटल रॉयल' या कादंबरीतून, तिच्यावरील चित्रपटामार्गे, खेळात शिरली आहे. म्हणजे तिला कादंबरीत परत आणणे हे विपरीत कर्म नव्हे.

अडचण निराळी आहे. खेळात मेलेला पुन्हा उतरतो. कादंबरीत मृत्यूला परिणाम असतो. खेळात खेळाडू आपले नाव स्वतः घेतो आणि त्या नावास आडनाव नसते. ज्या समाजात आडनाव ऐकताच जात हुडकली जाते, तेथे ही सवलत लहान नव्हे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायक परगावी जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये लेखक आणि दगडू मारुती पवार जणू दोन माणसे होऊन समोरासमोर येतात. आभासी ओळखीची कादंबरी लिहू पाहणाऱ्याने परदेशी नमुने जरूर वाचावेत, पण आरंभ येथून करावा.

पडद्यावरील आकृतीस इंग्रजीत 'अवतार' म्हणतात. नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' (१९९२) या कादंबरीने तो शब्द रूढ केला. बावीस प्रतिज्ञांतील चौथी प्रतिज्ञा घेतलेल्या वाचकास तो खटकावा. अवतार म्हटले की वरून खाली उतरणारा, स्वतः न बदलणारा कोणी गृहीत धरला जातो. भदन्त नागसेनांनी राजा मिलिंदास रथाचे उदाहरण देऊन हेच गृहीत मोडले: चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे, त्यांच्या जुळणीस रथ हे नाव. (बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन, हे येथे आठवावे.) खेळाडूही तसाच आहे. बोटे, पडदा, टोपणनाव, कानावर येणारे सोबत्यांचे आवाज, यांवेगळा 'खरा मी' आत दडलेला नाही. म्हणून 'खरा चेहरा' शोधत जाणारे कथानक आम्हांस कच्चे वाटते.

परंतु आत्मा नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे नागसेन म्हणत नाहीत. त्यांच्या दृष्टान्तातील आंबेचोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे. तरीही तो दोषी ठरतो, कारण हे आंबे त्या आंब्यांपासूनच आले. टोपणनावाआडून दुसऱ्याच्या जातीवर शिवी फेकणारा मुलगा अशा कादंबरीत यावाच लागेल, आणि त्याच्या तोंडी आंबेचोराचाच बचाव असेल. आडनाव न सांगता त्याच संघात खेळणारा, ती शिवी मुकाट्याने ऐकणारा मुलगाही तेथे असेल.