खो-खोमधील नियमभंग व अडथळा : पंचनिर्णयाच्या दृष्टीने विवेचन

प्रस्तावना :
पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोच्या नियमांना लेखी रूप देण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून मैदानाची मापे व खेळण्याचा अवधी यांत बदल होत आले. नियमभंगाची मूळ कल्पना मात्र फारशी बदललेली नाही. बारामती व इंदापूर परिसरातील महाविद्यालयांत सामन्यांच्या वेळी अन्य विषयांच्या प्राध्यापकांवरही पंचाची जबाबदारी येऊन पडते. खो-खो आपण सर्वांनीच शाळेत खेळलेला असतो, म्हणून त्याचे नियम आपणांस ठाऊकच आहेत असा समज असतो. या समजाची किंमत अनेकदा खेळाडूला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात नियमभंग व अडथळा या दोन संकल्पनांचे विवेचन केले आहे.

नियमभंग व त्याची शिक्षा :
क्रोके या इंग्रजी खेळात खेळाडूकडून नियमभंग झाला की त्याची पाळी तेथेच संपते. खो-खोमध्ये तसे होत नाही. पंच शिट्टी वाजवितो व धावत्या आक्रमकास तो जात असलेल्या दिशेच्या विरुद्ध दिशेने जावे लागते. त्या ओघात एखादा संरक्षक बाद झाला असल्यास तो बाद धरला जात नाही. प्रतिपक्षाला गुण मिळत नाही, कोणी मैदानाबाहेरही जात नाही. तरीही ही शिक्षा सौम्य म्हणता येणार नाही. एक पाळी 9 मिनिटांची. हाताच्या अंतरावर आलेला संरक्षक आक्रमक वळेपर्यंत पलीकडे निसटतो, आणि त्याला पुन्हा गाठण्यात बहुमोल सेकंद खर्ची पडतात. हा दंड वेळेचा आहे.

हे नियमभंग कोणते? 30 सेंटिमीटर रुंदीच्या मध्यपाटीस धावत्या आक्रमकाच्या शरीराचा स्पर्श होणे. खो मिळण्यापूर्वीच बसलेल्या गड्याने उठणे. पाटी ओलांडून पुढे गेल्यावर मागे वळून खो देणे. खो पाठीमागूनच, हाताने स्पर्श करून व स्पष्ट उच्चारून द्यावा लागतो. सर्वांत अधिक वाद दिशेवरून होतात. एकदा दिशा घेतली की खांबापलीकडील मुक्त क्षेत्रात पोहोचेपर्यंत किंवा खो देईपर्यंत माघार नाही, आणि खांद्यांची रेषा घेतलेल्या दिशेपासून काटकोनाहून अधिक वळता कामा नये. प्रेक्षक पाहतो पायांकडे, पंचाने पाहावयाचे असते खांद्यांकडे. मुक्त क्षेत्रात मात्र हे बंधन नाही. तेथे वळणाऱ्या आक्रमकाविरुद्ध वाजविलेली शिट्टी हा पंचाचाच दोष होय.

आपल्याकडील मातीच्या मैदानांवर चुन्याची मध्यपाटी पहिल्या काही मिनिटांतच पुसली जाते. अशा वेळी मध्यपाटीचा निर्णय अंदाजाने देण्यापेक्षा पाळ्यांच्या मधल्या वेळेत ती पुन्हा आखून घेणे बरे.

अडथळा :
अडथळ्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. संरक्षक साखळी पद्धतीने खेळू लागला की तो बसलेल्या आठ आक्रमकांमधून नागमोडी वाट काढतो. त्यांपैकी एखाद्याचा गुडघा वा कोपर पाटीबाहेर आला व त्यामुळे संरक्षक सापडला, तर नियमानुसार तो बाद नाही. उलटपक्षी संरक्षकानेच बसलेल्या आक्रमकाला स्पर्श केला तर त्यास ताकीद मिळते व पुनरावृत्ती झाल्यास तो बाद ठरतो. स्पर्श एकच, पण कोण कोणाच्या वाटेत आला यावरून निर्णय अगदी उलट होतो. बसलेल्याचा हेतू काय होता हे शोधण्याची पंचाला गरज नाही, कारण नियम परिणाम पाहतो. आमच्या मते यातच या नियमाचे शहाणपण आहे. हेतू सिद्ध करावयाचा म्हटले असते तर एकही सामना वेळेवर संपला नसता!

नवे स्वरूप :
2022 मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम मॅटवर झाला. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्ली येथील पहिल्या विश्वचषकात प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताने महिला व पुरुष अशी दोन्ही विजेतेपदे मिळविली. या लीगमध्ये ‘वजीर’ नावाच्या आक्रमकास कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा आहे. म्हणजे पारंपरिक खेळातील नियमभंग येथे एका गड्याचा अधिकार बनला. दूरदर्शनवर हे पाहून आलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या मैदानावर अर्ध्या वाटेतून मागे फिरतो आणि शिट्टी वाजली की गोंधळतो. सामना कोणत्या नियमावलीनुसार आहे हे नाणेफेकीपूर्वीच दोन्ही संघांना सांगितल्यास हा गोंधळ टळतो.