उरलेल्या यकृताचा हिशेब

‘काही होत नाही हो, लिव्हर पुन्हा वाढतं!’ घरात यकृतदानाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. कापून दिलेला खंड पुन्हा उगवत नाही. मागे राहिलेला भाग आकाराने वाढतो आणि सगळं काम अंगावर घेतो.

1989 साली ब्रिस्बेनमध्ये रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा भाग तिच्या तान्ह्या मुलाला बसवला. जिवंत दात्याकडून झालेलं ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. लहान बाळाला डावीकडचा छोटा तुकडा पुरतो. मोठ्या माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. त्याच्यासाठी बहुधा उजवा खंड, म्हणजे सुमारे 60 ते 65 टक्के यकृत काढावं लागतं. म्हणून सीटी स्कॅनवर दात्याकडे किती उरेल, हे बारकाईने मोजतात. साधारण 30 टक्क्यांहून कमी उरणार असेल, तर तो दाता बाद. फॅटी लिव्हर असलं, तर आधी वजन उतरवून या, असं सांगतात.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस बिलिरुबिन चढतं, रक्त गोठायला वेळ लागतो. फॉस्फेटही घसरतं. डॉक्टरांचं लक्ष पोटातून काढलेल्या ड्रेनच्या नळीकडे असतं. तिच्यात पित्त दिसलं, तर कुठेतरी गळती आहे. ही गुंतागुंत नेहमीची, बहुतेकदा आटोक्यात येणारी. सगळं सुरळीत झालं तर साधारण आठवड्याभरात दाता घरी जातो. यकृताची बरीचशी वाढ तीन महिन्यांत होते. पोटाची जखम मात्र एवढ्या घाईने मजबूत होत नाही. लवकर जड उचललं तर हर्नियाची भीती. थकवा तर कित्येकांना पुढेही पुरतो.

उजवा खंड देणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका हजारी साधारण 2 ते 5 सांगितला जातो. आकडा छोटा खरा, पण हा माणूस आजारी नव्हता! आपल्याकडे देणाऱ्यांत बायको आणि आई यांचा वाटा मोठा. घरी आल्यावर सगळं पथ्यपाणी रुग्णाचं, आणि ते सांभाळणारीही पुष्कळदा तीच. ही जोखीम कुठल्याच रिपोर्टात उमटत नाही.

दाता व्हायचं ठरवत असाल, तर सही करण्याआधी नातेवाइकांना बाहेर बसवून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: माझं यकृत किती उरणार आणि पुढचं वर्षभर माझी तपासणी कोण करणार? उत्तर पटलं नाही, तर भूल देईपर्यंत कधीही नाही म्हणता येतं.