बालकांचे मानसिक विकार : गणतीचा प्रश्न

विकसनशील देशांतील बालकांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण किती, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. 'मनाचे आजार म्हणजे श्रीमंतांचे चोचले' हा आपल्या वस्त्यांतूनही ऐकू येणारा समज मात्र निराधार आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे.

सुदान, फिलिपाइन्स, कोलंबिया व भारत या चार देशांतील एका पाहणीचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेली, ५ ते १५ वर्षे वयाची ९२५ मुले तीत तपासली गेली. स्थळपरत्वे १२ ते २९ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मूल नीट बोलते का, झोपते का, त्याला फेफरे येते का, ते घरातून पळून जाते का, इतर मुलांत खेळते का, असे साधे दहा प्रश्न विचारताच सोबतच्या मोठ्या माणसाने, बहुधा आईनेच, लक्षणे सहज सांगितली. आरोग्य कर्मचाऱ्यांनी मात्र यांपैकी १० ते २० टक्केच रुग्ण ओळखले होते. आईला ठाऊक होते. तिला कोणी विचारले नव्हते.

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या बंगलोर येथील पाहणीत (प्रसिद्धी २००५) १६ वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण १२.५ टक्के भरले. अंथरूण ओले करणे, विशिष्ट गोष्टींची भीती, अतिचंचलता, तोतरेपणा हे विकार ४ वर्षांपुढील मुलांत अधिक होते; ज्यांच्या जगण्यात विकारामुळे ठळक अडथळा येतो अशी मुले या गटात ५.३ टक्के होती. आपल्या मुलास काही अडचण आहे, असे केवळ ३७.५ टक्के कुटुंबांस वाटत होते. लक्षण दिसणे वेगळे आणि त्यावर उपाय असतो हे माहीत असणे वेगळे.

(अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातातील रोगसुत्तात कायिक व चेतसिक असे दोन रोग सांगितले आहेत. तेथील चेतसिक रोगाचा रोख क्लेशांवर आहे. तो शब्द उचलून बालकाच्या फेफऱ्यास किंवा मंदत्वास लावणे आम्हांस उचित वाटत नाही.)

भारतातील अनेक पाहण्या एकत्र करून २०१४ साली काढलेले प्रमाण वस्त्यांत ६.४६ टक्के, तर शाळांत २३.३३ टक्के होते. कोणास विचारले, कोठे विचारले, यावर आकडा एवढा हलतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटासाठी ७.३ टक्के प्रमाण आले. पण त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आता साक्री तालुक्याकडे पाहू. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बाहेर पडणारी येथील मुले शाळेच्या पटावर असतात, वर्गात नसतात. शाळेतील पाहणीत ती सापडत नाहीत आणि घरोघरी जाणाऱ्यास दाराला कुलूप दिसते. दोन्ही गणत्यांतून निसटलेले हे मूल उसाच्या फडात रात्री दचकून उठते की नाही, हे कोणत्याही टक्केवारीत येत नाही.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. वर्षावासात विहारांत माता जमतात आणि टोळ्या तेव्हा अजून निघालेल्या नसतात. ते दहा प्रश्न त्याच दिवसांत विचारता येतील. 'होय' हे उत्तर म्हणजे निदान नव्हे. तेवढ्यावरून मूल डॉक्टरांना दाखवावे, इतकेच.