पिशवीतला मासा नेमका कोणता?

पेरूतल्या इक्विटोसहून शोभेच्या माशांच्या पिशव्या विमानाने जगभर जातात. त्यांतले ‘ड्वार्फ सिक्लिड’ बोटाएवढेही नसतात. यांपैकी अ‍ॅपिस्टोग्रामा या गटात ९०हून अधिक प्रजातींना शास्त्रीय नावे मिळाली आहेत. नैसर्गिक ओढ्यांतून पकडलेल्या अशा माशांच्या पिशवीवर मात्र अनेकदा एकच नाव असते आणि आत दोन-तीन प्रजाती एकत्र निघतात.

घरी आणल्याबरोबर ओळख पटवण्याची घाई करू नये. प्रवासाने भेदरलेला मासा फिका पडलेला असतो. अंगावरच्या खुणाही मूड बदलला की बदलतात: आडवा काळा पट्टा पुसट होतो, उभे पट्टे उमटतात. अंडी घातलेली मादी हळदीसारखी पिवळीधमक होते आणि तिच्या काळ्या खुणा ठसठशीत दिसतात. पण हे बहुतेक प्रजातींत घडत असल्याने केवळ मादी पाहून नाव सांगणे जाणकारांनाही जड जाते.

खरा आधार पूर्ण वाढलेल्या नराचा. अगासिझीच्या नराची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी निमुळती असते आणि अंगावरचा काळा पट्टा थेट शेपटीत उतरतो. काकाटुओइडिसच्या नराचे पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, शेपटीला दोन टोके असतात. हे नावच काकाकुवावरून पडले आहे. डोळ्याखालून गालावर उतरणारी रेघ आणि शेपटीच्या बुडाशी असलेला ठिपका हेही पाहावे. एका फोटोवर भिस्त ठेवू नये. मासा शांत असताना, भांडताना आणि पिल्ले सांभाळताना असे वेगवेगळे फोटो काढावेत. पराचे काटे आणि खवले मोजून शास्त्रज्ञ करतात तशी खात्री घरच्या टाकीत होणार नाही, हे उघडच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? पूर्व अ‍ॅमेझॉनमधल्या ‘केटेइ’ या माशाचे निरनिराळ्या रंगांचे नमुने एकाच प्रजातीचे समजले जात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माद्यांना निवडीची संधी दिली, तेव्हा त्यांनी आपल्याच रंगाच्या नराला पसंती दिली. डीएनएमध्येही फरक आढळला. म्हणजे नाव एक असले तरी प्रजाती वेगळ्या होत्या. टाकीत मात्र मादीला निवड नसते. समोर परका नर असला तरी जोडी जमू शकते, आणि संकरित पिल्ले चुकीच्या नावाने हातोहात पसरतात. पुढे मूळ प्रजाती कोणती होती, हे शोधायला धागाच उरत नाही.

म्हणून विक्रेत्याला प्रजातीच्या नावाआधी नदीचे नाव विचारावे. व्यापारी पकडण्याची जागा गुपित ठेवतात, पण जे कळेल ते टाकीवर तारखेसह लिहून ठेवावे. प्रजाती ठरत नसेल तर ‘अ‍ॅपिस्टोग्रामा, प्रजाती अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. ‘इन्का ५०’ या व्यापारी नावाने विकल्या जाणाऱ्या पेरूच्या माशाला ‘बेन्शी’ हे शास्त्रीय नाव २००४ मध्ये मिळाले. तोवर शौकिनांच्या टाक्यांत त्याची पिल्लेही झाली होती.