बर्गरच्या आधीची साखळी

मॅकडोनाल्ड्सचं भारतातलं पहिलं दुकान 1996 साली उघडलं, पण तयारी काही वर्षं आधीच सुरू झाली होती. कंपनीने स्वतः शेती केली नाही की कारखाने काढले नाहीत. पुरवठादार निवडून त्यांना आपले निकष घालून दिले. तळेगावच्या त्रिकाया कंपनीकडून आइसबर्ग लेट्यूस, बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीकडून चीज आणि तळोज्याच्या व्हिस्टाकडून टिक्क्या अशी ती घडी बसली.

सगळ्यात जास्त वेळ घेतला बटाट्याने. आपल्या भाजीच्या बटाट्यात पाणी जास्त आणि घन अंश कमी, त्यामुळे फ्राइज मऊ पडतात. साखर जास्त असेल तर तळताना त्या काळपट होतात. म्हणून सुरुवातीला फ्राइज आयात होत. पुढे मॅककेन या कंपनीने गुजरातेत शेतकऱ्यांशी करार करून लांबट, कमी साखरेचे वाण लावून घेतले आणि मेहसाण्याला कारखाना काढला.

मालाची वाहतूक सोपवली राधाकृष्ण फूडलँडकडे. गोठवलेला माल उणे 18 अंशांवर, लेट्यूस-चीज 1 ते 4 अंशांवर आणि पाव, कागदी पेले साध्या तापमानाला. एकाच ट्रकमध्ये यासाठी वेगवेगळे कप्पे असतात. दुकानात माल उतरवताना तापमान तपासतात आणि जुना माल आधी वापरतात. मागणीचा अंदाज चुकला तर लेट्यूस फुकट जातं किंवा ऐन गर्दीत संपतं. म्हणून रोजच्या विक्रीच्या नोंदी पाहूनच पुढची ऑर्डर ठरते.