मूलपेशींची गोष्ट, लेखांक ६ : चौदाव्या दिवसाची रेघ

विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या, तिथे आपण मागच्या आठवड्यात थांबलो होतो. त्या पेशी काढून घेतल्या की भ्रूण नष्ट होतो. मग त्याला हात लावावा का? लावायचा तर कितव्या दिवसापर्यंत? अमेरिकेत २००१ साली हा वाद थेट अध्यक्ष बुश यांच्या टेबलावर गेला. ब्रिटनमध्ये मात्र उत्तराचा पाया १९८४ सालीच घातला गेला होता, आणि तो घालणाऱ्यांत उंदरांच्या भ्रूणांवर उभं आयुष्य काढलेली एक शास्त्रज्ञ होती. तिचं नाव ॲन मॅक्लॅरन.

मॅक्लॅरनबाई नीतिशास्त्राकडे आल्या त्या प्रयोगशाळेच्या वाटेने. उंदराच्या कमरेच्या मणक्यांची संख्या कशावर ठरते, असा एक किरकोळ वाटणारा प्रश्न त्यांना पडला होता. एका जातीच्या उंदरांना असे पाच मणके, दुसरीला सहा. हे बीजावर ठरतं की आईच्या गर्भाशयावर? ते तपासायचं तर एकीचा भ्रूण दुसरीच्या पोटात वाढवून पाहायला हवा. डोनाल्ड मिकी या पतीबरोबर त्यांनी ते केलं आणि गर्भाशयाचाही हात असतो हे दाखवून दिलं. हे कसब हाती आल्यावर पुढचं पाऊल सुचलं. १९५८ साली जॉन बिगर्स यांच्याबरोबर त्यांनी जेमतेम आठ-सोळा पेशींचे भ्रूण काढून घेतले, काचेच्या भांड्यात पोषक द्रवात दोन दिवस वाढवले आणि मग दुसऱ्या उंदरिणीच्या गर्भाशयात सोडले. पिल्लं जन्मली आणि नीट वाढली. सस्तन प्राण्याचा भ्रूण काही काळ शरीराबाहेर राहूनही धडधाकट जन्मू शकतो, याचा तो पुरावा होता. लुईस ब्राऊन ही पहिली टेस्ट ट्यूब बेबी त्यानंतर वीस वर्षांनी, २५ जुलै १९७८ रोजी जन्मली.

लुईसच्या जन्माने आनंद झाला तसं भयही पसरलं. उपचारानंतर उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं, याला कायदाच नव्हता. १९८२ साली ब्रिटिश सरकारने तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली १६ जणांची समिती नेमली. तीत डॉक्टर, वकील, धर्मशास्त्राचे अभ्यासक, समाजकार्यकर्ते होते. भ्रूणाच्या वाढीवर स्वतः संशोधन करणाऱ्या मात्र एकट्या मॅक्लॅरनबाई. पहिल्या दोन आठवड्यांत नेमकं काय घडतं, हे बाकीच्यांना समजावून देण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

आपणही ते जरा जवळून पाहू. फलित बीजाच्या दोन पेशी होतात, चार होतात, आठ होतात. पाचव्या-सहाव्या दिवशी आतून पोकळ असा एक गोळा तयार होतो. त्याच्या बाहेरच्या थरापासून पुढे वार बनते. आतल्या बाजूला पेशींचा छोटा पुंजका असतो. मूलपेशी मिळतात त्या इथूनच. गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो आणि पुंजका पसरून चपटी चकती होते. साधारण पंधराव्या दिवशी या चकतीवर मधोमध पेशी गोळा होऊन एक रेघ उमटते, ती आद्य रेषा. डोकं कुठे, पाय कुठे, डावं कोणतं, उजवं कोणतं, हा आराखडा तिच्याबरोबर पक्का होतो. एकाच चकतीवर अशा दोन रेषा उमटल्या तर जुळी होतात. म्हणजे त्याआधी त्या पुंजक्यातून एक बाळ होणार की दोन, की एकही नाही, हेसुद्धा ठरलेलं नसतं. मज्जातंतूंचा तर तोवर मागमूसही नसतो.

समितीने १४ दिवसांची मर्यादा सुचवली ती या माहितीवर. पण मर्यादा एखाद्या अवस्थेवर न ठेवता दिवसांत सांगावी, हा आग्रह वॉर्नॉक यांचा. अवस्थेवरून वाद घालता येतो, दिवस कोणालाही मोजता येतात. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. भ्रूण कसा घडतो हे विज्ञानाने सांगितलं; थांबायचं कुठे हा निर्णय मात्र समाजाच्या वतीने घेतला गेला आणि तसा तो उघडपणे मांडला गेला. सूक्ष्मदर्शकातून नीती दिसते, असा आव कोणी आणला नाही.

एकमत झालं नाहीच. तीन सदस्यांनी अशा संशोधनालाच विरोध नोंदवला. १९८५ साली खासदार इनॉक पॉवेल यांनी ते पूर्ण बंद करणारं विधेयक आणलं आणि दुसऱ्या वाचनात ते २३८ विरुद्ध ६६ मतांनी पुढे सरकलंही. वेळेअभावी बारगळलं म्हणून निभावलं. पुढची पाच वर्षं मॅक्लॅरनबाई आणि त्यांचे सहकारी खासदारांना भ्रूणविज्ञान समजावत राहिले. १९९०च्या एप्रिलमध्ये कॉमन्स सभागृहाने संशोधनाच्या बाजूने ३६४ विरुद्ध १९३ असा कौल दिला. कायदा झाला, परवाने देणारं प्राधिकरण उभं राहिलं आणि त्यावर मॅक्लॅरनबाई दहाएक वर्षं सदस्य होत्या. मूलपेशींचा प्रश्न आला तेव्हा नवं काही उभारावं लागलं नाही. २००१ साली संशोधनाच्या मान्य हेतूंच्या यादीत भर घातली, इतकंच. बंधन स्पष्ट होतं म्हणून वाट मोकळी राहिली.

आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली इंदिरा हिंदुजा आणि आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीच मर्यादा आहे: १४ दिवस किंवा आद्य रेषा, यांपैकी जे आधी येईल ते. याच तत्त्वांनी रक्ताच्या मूलपेशींचे मान्य उपचार वगळता बाकी सगळं संशोधन मानलं आहे, उपचार नव्हे. तरीही हतबल आईबापांकडून लाखो रुपये घेऊन मूलपेशींची इंजेक्शनं देणारे दवाखाने चालतात, याचा मनस्वी संताप येतो. भ्रूणाच्या चौदाव्या दिवसावर इतका बारकाईने विचार झाला. चालत्याबोलत्या मुलाच्या वाट्याला निदान तेवढी तरी काळजी यायला हवी.

मॅक्लॅरनबाई ७ जुलै २००७ रोजी मोटार अपघातात गेल्या. मिकीही त्याच गाडीत होते. बाईंचं वय तेव्हा ८० होतं. त्यांच्या हयातीत मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदाव्या दिवसाच्या आसपास टिकतच नसे, त्यामुळे मर्यादेची खरी कसोटी लागली नव्हती. २०१६ साली केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या गटांनी तो तेराव्या दिवसापर्यंत वाढवला आणि नियमामुळे थांबवला. २०२१ साली मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सरसकट मनाई उठवून, समाजाशी बोलून, एकेका प्रस्तावाचा वेगळा विचार करावा अशी भूमिका घेतली. रेघ पुढे सरकवावी असं मानणाऱ्यांकडे कारणं आहेत. अनेक गर्भ नेमके याच काळात गळतात आणि का, ते आपल्याला कळत नाही. पण खासदारांना पाच वर्षं धीराने समजावत बसणारं माणूस या वेळी कोण असेल, हे अजून दिसत नाही.

पुढच्या लेखांकात : क्योटोचे शिन्या यामानाका आणि भ्रूणाला हात न लावता मिळालेल्या मूलपेशी.