पिलाला जागेची शिस्त

आज एका अगदी घरगुती गोष्टीविषयी बोलायचे आहे. गोष्ट लहान आहे, पण तिच्या पोटात मोठ्या गोष्टी आहेत. घरात कुत्र्याचे पिलू आणले, की पहिल्याच रात्री प्रश्न पडतो, याने घाण करायची कुठे?

तुम्ही म्हणाल, “यात विचारायचे काय? अंगण आहे, परसू आहे, दार उघडले की झाले!” बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता ते दार उघडायचे कोणी? जुन्नर, अकोले, निफाड अशा उसाच्या मुलखातल्या माणसांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे अंधारात अंगणात सोडलेले पिलू हे बिबट्याला दिलेले आमंत्रणच. आणि पिलासाठी कडी काढून बाहेर जाते ते बहुधा घरातले पोर असते, हेही ध्यानात ठेवा.

दुसरे कारण पावसाचे. कोकणात आषाढात संततधार लागली, की पिलू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. तिसरे कारण रोगाचे. लसी पुऱ्या होईपर्यंत पिलू मोकाट कुत्र्यांच्या वाटेवर फिरू नये. या सगळ्यांवर एकच सोपा उपाय आहे. घरातच, पडवीच्या कोपऱ्यात, त्याला मातीचे खोके द्यावे.

आता कुत्र्याचा स्वभाव पाहा. जन्मल्यावर पहिले काही दिवस आईच पिलांना चाटून स्वच्छ ठेवते. साधारण तीन आठवड्यांची झाली, की पिले आपण होऊन झोपायच्या जागेपासून दूर जाऊन घाण करू लागतात. ही ओढ त्यांच्यात उपजतच असते, आपण फक्त जागा दाखवायची. शिवाय पायाखाली जे लागते, माती म्हणा, गवत म्हणा, फरशी म्हणा, त्याचीच सवय पिलाला जडते. फरशीची सवय लागण्याआधी मातीची लावा, एवढेच यातले मर्म.

खोके कसे असावे? पसरट लाकडी खोके किंवा प्लॅस्टिकचा जुना ट्रे चालतो. पिलाला आत शिरून स्वतःभोवती एक गिरकी घेता यावी इतके ते ऐपस हवे. कड एका बाजूने तीन-चार बोटेच उंच ठेवा. पत्रा कापलात तर धार आत वळवून ठोका. आत चार बोटे कोरडी माती किंवा वाळू घाला. राख वा चुना नको, ओला झाला की पंजे चुरचुरतात. मांजरांसाठी बाजारात मिळणारी, ओली होताच गोळा होणारी मातीही नको. पिले दिसेल ते तोंडात घालतात आणि ती पोटात फुगते. खोके अंथरुणापासून आणि जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवा, आणि रोज जागा बदलू नका.

आता वेळा. पिलू झोपेतून उठले, खाऊन-पिऊन झाले, किंवा खेळता खेळता एकदम थांबून जमीन हुंगत गोल फिरू लागले, की समजा वेळ आली. मुकाट्याने उचला, खोक्यात ठेवा, “चल, शी कर” असा ठरलेला एकच शब्द बोला आणि थांबा. काम झाले, की त्याच क्षणी शाबासकी द्या आणि भाकरीचा तुकडा हातावर ठेवा. दोन मिनिटांनी दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला हे पिलाला उमगत नाही. दोन महिन्यांचे पिलू दिवसा दोन तासांच्या वर क्वचितच दम धरते, म्हणून दर दोन तासांनी एक फेरी धरून चला.

चुका होतीलच. चुकल्यावर नाक घाणीत घासणे, चपलेने मारणे ही आपल्याकडची जुनी रीत. तिने पिलू एवढेच शिकते, की माणसासमोर शी करणे धोक्याचे. मग ते कणगीमागे जाऊन करते आणि आपण म्हणतो, “लबाड आहे!” ते लबाड नाही, भ्यालेले आहे. चुकलेली जागा मात्र नीट काढा. मातीची जमीन असेल तर वरचा थर खरवडून नवी माती घालून सारवा. फरशी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. वास राहिला, तर पिलू पुन्हा तिथेच येते.

खोक्यातली विष्ठा रोजच्या रोज उचला. येथे हयगय नको. पिलांच्या पोटात बहुधा आईकडूनच आलेले जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात आणि मातीत काही आठवडे राहिली, की माणसाला बाधक होतात. मातीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या लेकरांना त्यांचा धोका. कुत्र्याच्या अंकुशकृमींच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनही शिरतात. म्हणून विष्ठा विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरा. तिचे खत भाजीला घालू नका. हात साबणाने धुवा. पिलाला जंताचे औषध पशुवैद्यकांना विचारून, वजनाप्रमाणे द्या, आणि तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्या.

गुरुजी आणि बाईंना एक सूचना. ज्या मुलाच्या घरी पिलू आहे, त्याला सात दिवसांचा तक्ता करायला सांगा. खाल्ले केव्हा, उठले केव्हा, शी केली केव्हा आणि कुठे, हे त्याने लिहावे. आठवड्याच्या शेवटी त्यालाच दिसेल, की पिलाच्या वागण्यात क्रम आहे. निरीक्षण, नोंद आणि अनुमान, विज्ञानाचा पाठ याहून वेगळा तो काय असतो?

पिलू मोठे झाले, लसी झाल्या, पाऊस सरला, की खोके रोज हातभर दाराकडे सरकवा, मग ओट्यावर, मग परसात. त्यातली थोडी माती परसातल्या ठरलेल्या कोपऱ्यात टाका, म्हणजे वासाने ते जागा ओळखेल. रात्रीपुरते खोके मात्र आत असू द्या.

महिना-दोन महिने लागतील. पण सवय एकदा लागली, की अंगण स्वच्छ राहील, लेकरे निरोगी राहतील आणि मध्यरात्री कोणाला कडी काढावी लागणार नाही.